खुडूक कोंबडी रवणाला बसवताना: अंडी निवडण्यापासून पिल्लं सुटी होईपर्यंत

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी रवणाला (उबवणीला) बसवली, तिच्याखाली बारा अंडी ठेवली आणि तीनच पिल्लं निघाली की दोष कोंबडीला दिला जातो. बहुतेक वेळा तिने तिचं काम चोख केलेलं असतं. गडबड होते ती अंडी तिच्याखाली जायच्या आधी, आणि मग शेवटच्या तीन दिवसांत, जेव्हा आपल्याला राहवत नाही. मधले दोन-अडीच आठवडे आपल्याला करण्यासारखं थोडंच असतं.

घरच्या अंड्यांसाठी आणि मांसासाठी थोड्या कोंबड्या पाळणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. उबवणी यंत्राचा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

## १. कोंबडी खरंच खुडूक झाली आहे का, हे आधी ठरवा

दुपारभर घरट्यात बसून राहिलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. अंडं घालायला बसलेली संध्याकाळी उठते आणि बाकीच्यांबरोबर दांडीवर जाते. खुडूक झालेली रात्रीही घरट्यातच सापडते. म्हणून लागोपाठ दोन रात्री बॅटरी घेऊन जा आणि बघा.

बाकीच्या खुणा अशा: हात जवळ नेला की ती पिसं फुलवते, घोगरा आवाज काढते, टोचते, पण जागा सोडत नाही. छातीखालची पिसं उपटलेली असतात आणि तिथली उघडी कातडी हाताला गरम लागते. दिवसातून एकदाच उठते आणि तेव्हा भलीमोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. अंडी देणं थांबलेलं असतं.

एवढं दिसलं तरी खरी अंडी लगेच देऊ नका. तीन दिवस तिला लाकडाची किंवा चिनी मातीची खोटी अंडी द्या. तीन दिवस टिकली तर एकवीस दिवस टिकण्याची शक्यता चांगली. तिसऱ्या दिवशी उठून फिरायला लागली तर तुमची डझनभर अंडी वाचली.

कोणती निवडावी? शक्यतो एक हंगाम अंडी दिलेली, अंगाने भरलेली. पहिल्यांदाच बसणारी तरणी कोंबडी अर्ध्यात उठून जाण्याचा धोका जास्त. फक्त अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातींमध्ये खुडूक होण्याचा गुणच निवडीतून जवळजवळ काढून टाकलेला असतो, त्यांच्याकडून फार आशा धरू नका.

बसवण्याआधी: कोंबडी उलटी धरून पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं बाजूला करून बघा. उवा दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. बसलेली कोंबडी धुळीत लोळायला फारशी जात नाही, त्यामुळे तीन आठवड्यांत उवा बेसुमार वाढतात. पिल्लं निघाली की त्या त्यांच्याही अंगावर चढतात.

## २. अंडी जमवणं: निम्मी पिल्लं इथेच जातात

कोंबडा आहे म्हणून सगळी अंडी फळलेली असतील, असं नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा हे प्रमाण चालतं. नवीन कोंबडा सोडला असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग रवणासाठी अंडी जमवायला लागा. आणि जुना कोंबडा बदलून नव्याचीच पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात आधीच्या कोंबड्याचं वीर्य दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त, टिकतं.

अंडी निवडताना आकार मध्यम बघा. फार मोठं, फार लहान, लांबट, गोलमटोल, खरखरीत किंवा पातळ कवचाचं अंडं खाण्यात घ्या. अंधारात बॅटरीवर धरून बारीक तडा आहे का बघा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तडासुद्धा आतलं पाणी उडवतो आणि जंतूंना वाट देतो.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. अंडी धुऊ नका. ओल्या फडक्यानेही पुसू नका. अंडं घातलं जातं तेव्हा कवचावर एक पातळ संरक्षक थर असतो आणि तो वाळून कवचाची बारीक छिद्रं झाकतो. धुतलं की तो थर जातो आणि मळ पाण्याबरोबर आत ओढला जातो. असं अंडं मग कोंबडीच्या उबेत आठवड्या-दोन आठवड्यांत कुजतं आणि फुटलं तर शेजारच्या चांगल्या अंड्यांनाही बाधतं. किंचित वाळकी घाण असेल तर नखाने खरवडा, जास्त असेल तर ते अंडं रवणाला नकोच. घरट्यातला पेंढा रोज बदलला तर हा प्रश्न मुळात येत नाही.

साठवण: टोकदार बाजू खाली, रुंद बाजू वर. रुंद बाजूला आत हवेची पोकळी असते, शेवटी पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. जागा गार आणि सावलीची हवी, साधारण १३ ते १६ अंश. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथली थंडी गर्भाला सोसत नाही. उलट उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ठेवलं तर गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. पाण्याच्या माठाजवळची ओलसर, गार जागा चालते. फक्त अंड्यांना पाणी लागू देऊ नका.

सात दिवसांपर्यंतची अंडी उत्तम. दहा दिवसांपर्यंत चालवून घेता येतात, त्यापुढे दर दिवसाला पिल्लं कमी होत जातात. चार दिवसांहून जास्त ठेवायची असतील तर ट्रेची एक बाजू उंचावा आणि रोज बाजू बदला. दुसऱ्याकडून अंडी आणली असतील तर रात्रभर टोक खाली करून स्थिर राहू द्या, मगच कोंबडीखाली द्या.

किती ठेवायची? लहान चणीच्या कोंबडीला ८, मध्यमला १० ते १२. कोंबडी बसल्यावर एकही अंडं बाहेर डोकावायला नको. एक जरी बाहेर राहिलं तरी नुकसान एकाचंच होत नाही. ती अंडी सतत हलवत असते, त्यामुळे आज हे बाहेर, उद्या ते, असं करत एकेक करून सगळीच गारठतात. हावेपोटी पंधरा ठेवून पाच मिळवण्यापेक्षा दहा ठेवून आठ मिळवा.

बदकाची अंडी सोबत ठेवायची नाहीत. त्यांना साधारण २८ दिवस लागतात. कोंबडीची पिल्लं निघाली की आई उठून जाणार आणि बदकाची अंडी मरणार.

## ३. जागा आणि घरटं

इतर कोंबड्या जिथे रोज अंडी घालतात त्या घरट्यात खुडूक कोंबडी बसवू नका. दुसऱ्या तिथे घुसतात, भांडतात, अंडी फुटतात, नवीन अंडी मिसळतात. शिवाय ती खायला उठली की परत येताना चुकून शेजारच्या रिकाम्या घरट्यात जाऊन बसते आणि आपली अंडी तशीच गार पडतात.

वेगळी, अंधारी, शांत जागा शोधा. जमिनीलगत असावी, म्हणजे पिल्लं उंचावरून पडणार नाहीत. खोकं किंवा टोपली ३५ ते ४० सेंटिमीटर रुंद. तळाला दोन-तीन इंच किंचित दमट माती घालून तिला उथळ बशीसारखा खोलगट आकार द्या, वर कोरडा, स्वच्छ पेंढा. खोलगटपणा नेमका जमला पाहिजे. सपाट असेल तर अंडी कडेला पांगतात, फार खोल असेल तर एकमेकांवर चढून फुटतात. बुरशीचा वास येणारा पेंढा टाकून द्या. त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं बिघडतात.

दाराला आणि झरोक्यांना सव्वा सेंटिमीटर छिद्राची वेल्डेड जाळी लावा. नेहमीची षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदराला आणि सापाला बाहेर ठेवत नाही.

अंडी ठेवण्याआधीची तपासणी: हात आत घालून तळ चाचपा. खडा, काटकी, खिळ्याचं टोक काही लागतंय का? रात्री दिवा घेऊन खोक्याच्या सांधी बघा. तांबडे पिसू-किडे दिवसा सांधीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. त्यांच्या त्रासाने चांगली बसलेली कोंबडीही उठून जाते.

## ४. कोंबडी हलवणं

दिवसा हलवली तर ती जुन्या जागी परत पळते. अंधार पडल्यावर, दिवा न लावता किंवा अगदी मंद ठेवून, दोन्ही हातांनी पंखांसकट धरून उचला आणि नव्या घरट्यातल्या खोट्या अंड्यांवर ठेवा. समोरचं तोंड पोत्याने झाका. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण तसंच राहू द्या, दुपारनंतर काढा, खाणं-पाणी जवळ ठेवा आणि लांबून बघा. खाऊन परत नव्या घरट्यात गेली तर झालं. जुन्याकडे गेली तर रात्री पुन्हा हाच प्रकार करा. दोन-तीन रात्रींत बहुतेक कोंबड्या मानतात. त्या तीन दिवसांच्या परीक्षेत हे हलवणंही उरकून घ्या.

## ५. सगळी अंडी एकाच वेळी

पहिल्यांदा कोंबडी बसवली तेव्हा मी रोज ताजं मिळेल ते अंडं तिच्याखाली सरकवत गेलो. पाच दिवसांत तेरा अंडी झाली. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, तेविसाव्या दिवशी आई त्यांना घेऊन अंगणात गेली. उरलेल्या अंड्यांपैकी काहींमधून कानाला लावल्यावर चिवचिव ऐकू येत होती. ती वाचवता आली नाहीत. ही चूक अजूनही सगळीकडे होताना दिसते, म्हणून पुन्हा सांगतो: अंडी बाहेर जमवा आणि एकाच संध्याकाळी सगळी द्या.

अंधार पडल्यावर खोटी अंडी एकेक काढा आणि त्या जागी खरी सरकवा. प्रत्येक अंड्याभोवती पेन्सिलीने एक गोल रेघ काढलेली असू द्या. शाईचा पेन नको. दुसरी कोंबडी येऊन अंडं घालून गेलीच तर रेघ नसलेलं लगेच ओळखता येतं. ते त्याच दिवशी काढून घ्या.

तारीख भिंतीवर लिहा. २१ दिवसांचा हिशोब सोपा आहे. ज्या वारी संध्याकाळी अंडी ठेवली, तीन आठवड्यांनी त्याच वारी पिल्लं. एखादा दिवस मागेपुढे होतो.

जमलं तर दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवा. कारण पुढच्या टप्प्यात आहे.

## ६. पहिले अठरा दिवस

अंडी फिरवायला जाऊ नका, ती दिवसातून अनेक वेळा स्वतः फिरवते. पाणी शिंपडू नका. तुमचं काम खाणं आणि पाणी. अख्खं धान्य द्या, पातळ भरडा नको, म्हणजे विष्ठा घट्ट राहते आणि घरटं घाण होत नाही. खाणं घरट्यापासून दोन-चार पावलांवर ठेवा. चोचीसमोर ठेवलं तर ती उठत नाही आणि घरट्यातच घाण करते.

दिवसातून एकदा १५-२० मिनिटं ती उठते. अर्धा तास झाला तरी काळजी नको. दोन दिवस अजिबात उठली नाही तर हळूच उचलून बाहेर ठेवा. उचलण्याआधी तिच्या पंखांखाली हात फिरवा, तिथे अंडं अडकलेलं असतं आणि खाली पडून फुटतं.

कधी दारं चुकून लागतात आणि ती तास-दीड तास बाहेर राहते. अंडी हाताला गार लागली म्हणून टाकू नका. पुन्हा बसू द्या, सातव्या-चौदाव्या दिवशी तपासा. गर्भ आपल्याला वाटतो त्यापेक्षा चिवट असतो. पिल्लं मात्र एखाद दिवस उशिरा निघतील.

सातवा दिवस: रात्री अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला बॅटरी लावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये गडद ठिपका दिसला तर गर्भ जिवंत. सगळं स्वच्छ, पिवळसर दिसलं तर अंडं फळलेलंच नव्हतं. लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीला मेला. ही दोन्ही काढा, आणि खायला वापरू नका. गडद कवचाच्या अंड्यात कळत नसेल तर राहू द्या, चौदाव्या दिवशी बघा. तेव्हा हवेची पोकळी सोडून सगळं काळं दिसायला हवं.

दोन कोंबड्या बसवल्या असतील तर आता पहिल्या कोंबडीखाली दोघींची चांगली अंडी मावतील तेवढी एकत्र करा. दुसरीखालची जागा रिकामी झाली तर तिला नवी ताजी अंडी द्या. तिला आणखी तीन आठवडे बसावं लागेल, म्हणून तिच्या खाण्याकडे जास्त लक्ष द्या.

कुजकट वास यायला लागला की त्याच रात्री एकेक अंडं हुंगून दोषी अंडं काढा. हळू, ते हातात फुटू शकतं.

## ७. एकोणिसावा ते बाविसावा दिवस: हात मागे

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लू आत डोकं रुंद बाजूला वळवून जागा घेत असतं.

अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघण्याची पद्धत या दिवसांत बरेच जण वापरतात. करू नका. कवचाला केसाएवढा तडा जरी गेला असेल तर आतलं पिल्लू बुडतं. बॅटरीने चौदाव्या दिवशी जे कळलं तेवढं पुरे.

पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घ्यायला लागतं. तेव्हा चिवचिव ऐकू येते. मग कवचाला पहिला टवका पडतो. त्यानंतर ते थांबतं. बारा तास, कधी चोवीस. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अडकलं, आणि तो नखाने कवच सोलायला घेतो. पण त्या थांबलेल्या तासांत पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. आधी सोललं तर रक्त वाहतं, बलक बाहेर राहतो, पिल्लू मरतं. कोंबडी सारखी उचलून बघितली तर ओल उडते, पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि मग ते खरोखर अडकतं.

दिवसातून एकदा, रात्री, हात आत घालून फुटलेली रिकामी कवचं काढा. एवढंच करा. अर्धं कवच दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखं बसलं तर त्यातल्या पिल्लाला वाट राहत नाही.

पहिलं पिल्लू निघाल्यावर आई साधारण दोन दिवस बसून राहते. पिल्लांना खायला द्यायची घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस निघतात. खाणं लगेच घरट्यासमोर ठेवलं तर आई लवकर उठते आणि मागची अंडी राहून जातात. ती स्वतःहून उठली की उरलेली अंडी कानाला लावा. चिवचिव असेल तर उबदार कापडात गुंडाळून रात्री तिच्याखाली परत द्या. काहीच नसेल तर खोल पुरा.

## ८. पहिले पंधरा दिवस

आईसकट पिल्लं वेगळ्या, जाळीबंद जागेत ठेवा. खाली वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत फरशी नको, पाय फाकतात आणि मग सरळ होणं अवघड जातं. कोरडा भुसा किंवा तूस पसरा.

पाण्याचं भांडं उथळ, आणि त्यात खडे टाका. पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. खाणं पिल्लांसाठीचं, प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असलेलं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात देऊ नका. त्यात कवचासाठी घातलेला कॅल्शियम पिल्लांच्या गरजेच्या तीन-चार पट असतो आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात. आईने पिल्लांचं खाल्लं तर हरकत नाही, ती तेव्हा अंडी देत नसते.

रोज प्रत्येक पिल्लाची मागची बाजू बघा. विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून सोडवा, ओढू नका. मग कोरडं करून आईखाली द्या.

पहिल्यांदाच आई झालेली कोंबडी कधी एखाद्या पिल्लाला जोरात टोचते. पहिला दिवसभर लक्ष ठेवा.

## ९. अंगणात सोडणं, लस आणि रक्ती हगवण

दोन आठवडे झाल्यावर, उन्हं वर आली आणि दव सुकलं की दिवसातून थोडा वेळ सोडा. घार, कावळा, मांजर यांच्यापासून आई वाचवते, पण सगळ्यांना नाही. आईला डालग्याखाली ठेवून पिल्लं भोवती मोकळी सोडली तर ती तिच्या हाकेबाहेर जात नाहीत आणि धोका दिसला की फटीतून आत शिरतात.

लसींचं वेळापत्रक पिल्लं निघायच्या आधीच पशुवैद्याकडून लिहून घ्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, मग ठरलेल्या अंतराने पुन्हा. लस बर्फावर आणायची, ऊन लागू द्यायचं नाही, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. कुपीत बहुतेकदा शंभर मात्रा असतात, तेव्हा शेजाऱ्यांच्या पिल्लांनाही त्याच दिवशी द्या. आजारी दिसणाऱ्या पिल्लांना लस देऊ नका, आधी दाखवा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण येते. पिसं फुगवून, पंख सोडून कोपऱ्यात उभं राहणारं पिल्लू आणि विष्ठेत रक्त, हे दिसलं की त्याच दिवशी औषध हवं. उद्यावर ढकललं तर अख्खी वीण जाते. कारण बहुतेकदा ओला भुसा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग रोज काढायचा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा.

## १०. सुटी करणं

सहा ते आठ आठवड्यांत आई पिल्लांना टोचून लांब करायला लागते, रात्री दांडीवर जाते. काही त्यापेक्षा जास्त दिवस सांभाळतात. घाई करू नका, पण तिने अंडं घातलं की वेळ झाली समजा. आईला काढा, पिल्लं त्यांच्या ओळखीच्या जागीच राहू द्या. उलट केलं तर आई आणि जागा दोन्ही एकदम सुटून ती खाणं सोडतात.

मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यात लगेच मिसळू नका. आठवडाभर जाळीच्या पलीकडून एकमेकांना बघू द्या, मग रात्री आत सोडा. तुरे लाल आणि मोठे होत चाललेले नर ओळखू आले की वेगळे करा, नाहीतर खाद्यावर माद्यांना मागे सारतात.

घरट्यातला पेंढा आणि माती बाहेर नेऊन जाळा किंवा लांब पुरा. खोकं घासून कडक उन्हात तीन-चार दिवस उघडं ठेवा, सांधी वरच्या बाजूला करून. पुढची खुडूक कोंबडी त्यानंतरच.